आफ्रिनचा संस्कृतचा तास

न्हाई, त्या बाकावर नको, बाकावर पालक बसत्यात — तू हितं खुर्चीत बस मुबारक, आज पाहुणा हायस तू. शर्टाला गंजाचा डाग पडलाय? असू दे की, वेल्डिंगवाल्याचा शर्ट आणखी कसा असायचा, पोरांनी तेच तर बघायचं हाय. शाल आणलीया, नारळ हाय, पलूसवरनं माइकवाला आलाय. भाइर फळ्यावर कार्यक्रमाचं नाव वाचलंस? ‘अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी चाकोरीबाहेरच्या वाटा’ — माझंच अक्षर हाय ते. वरनं सांगून आलं तवा बाकीच्या शाळांनी फोटोपुरतं उरकलं, मी म्हटलं न्हाई, मुख्याध्यापक भाऊसो पाटलाच्या शाळेत मनापासनं करायचं. पोरांना त्यांच्यातलीच मोठी झालेली माणसं दिसाय पायजेत. म्हणून तुला बोलावला — वेल्डिंगमधी नाव काढलंस — आणि तासगावचे दस्तगीर बागवान, त्यांचा फळांचा केवढा व्यापार. — काय? ह्यात चाकोरीबाहेरचा कोण? असं काय इचारतोस गड्या. तुमच्यात आडनावातच धंदा असतोय, शिकलगाराच्या घरात लोखंड, बागवानाच्या घरात फळं, रक्तातच असतंय ते, शिकवाय लागत न्हाई. — मी? मी पाटील असून मास्तर कसा झालो? ते येगळं. ते येगळं हाय रं, पाटील काय, काहीबी होतोय. — चा घे, निवायला लागला.

पोरीसाठीच, आफ्रिनसाठीच आलायस न्हवं तू? मला ठावं हाय. कार्यक्रमाचं निमित्त, पण दारातनं आत आलास तवाच तुझं तोंड बघून वळखलं मी. आता बघ, आठवीला हिंदी घ्यायची का संस्कृत, एवढीच तर गोष्ट. पोरगी गुणाची हाय, मी कुठं न्हाई म्हणतोय? देवळाम्होरचा त्यो लढाईत पडलेल्या वीराचा दगड — आपुन दोघं ल्हानपणी त्याच्यावर बसून घोडा घोडा खेळलोय, सगळं गाव त्याला तेल लावतंय — त्याच्यावर अक्षरं हायती हे कुणाच्या बापाला दिसलं न्हवतं. तिला दिसलं. कागद लावला, कोळसा घासला, नि उठवली की अक्षरं! माझ्याकडं घिऊन आली, हातानं तोंडानं सगळी काळी झालेली, म्हणती, सर, मला दगडं वाचायचीत, मोठी झाल्यावर मी त्येच करणार, त्याला संस्कृत लागतंय, जुनी कानडीबी लागती. मला हसू आलं गड्या. दगडं वाचायचा कुठं धंदा असतोय? — असतोय? — बरं, असंल, पगारबी असंल, पण आपल्या गावात कुणी केलाय व्हय आजवर? ज्या वाटंनं कुणी गेलंच न्हाई त्या वाटंला पोरीला कशी लावायची?

म्हणून सांगितलं तिला, हिंदी घे. लय मायेनं सांगितलं, डोक्यावर हात ठिवून — बाळ, तुमच्या घरात हिंदी बोलत्यात, तुला सोपं जाईल, मार्क पडतील. — मराठीच बोलत्यात? मला काय ठावं न्हाई व्हय त्ये? तुझ्या आईनं मला ‘गिळ मुडद्या’ म्हणत वाढलंय, ते काय हिंदीत? तुमच्या चुलीपुढं वाढलोय मी निम्मा — ठावं हाय रं, सगळं ठावं हाय. पण असं म्हटलं की पोरीला वाईट वाटत न्हाई. आपल्या वेळचे गुरुजी न्हाई का, तुझ्या पाठीवर हात ठिवून म्हणाले, पोरगं हाताचं कसबी हाय, आयटीआयला घाला? किती मायेनं म्हणाले. गणितात तू माझ्या म्होरं होतास तरी त्यांनी बरोबर वळखलं की तुझं. आणि झालं का न्हाई तुझं चांगलं? — कप का सारलास? — झालं का न्हाई?

बरं, ऱ्हाऊ दे चा. संस्कृतच्या अपूर्वाबाई न्हाई म्हणाल्या असं समजू नकोस, त्या तर हौसेनं घेत हुत्या. मीच म्हटलं नको. कुणी तक्रार केली? छ्या, कुणी न्हाई. पर उद्या एखादी आई येऊन म्हणली असती, ही कशी काय संस्कृतला — नि पोरीच्या कानावर गेलं असतं, त्याच्या आधीच मी आवरतं घेतलं. तिला टोचू नये म्हणून. तुझी पोरगी म्हंजी माझी पोरगी. रात्री झोप लागत न्हाई मला ह्याच्या पायी, खोटं न्हाई सांगत.

ऐक — वरच्या वर्गात ‘देवः देवौ देवाः’ चाललंय. सगळ्यात उंच आवाज कुणाचा? वळखलास न्हवं. नाव हिंदीत हाय, पोरगी बसती तिथं. चार दिवस झालं. अपूर्वाबाई काय बोलंनात, मीबी काय बोललो न्हाई, पर आज कार्यक्रम हाय, हिंदीची पोरं हॉलमधी बसलीती, तिच्या बापाचा सत्कार, नि तीच न्हाई — बरं दिसतंय का त्ये? धोंडुबाई, अवो धोंडुबाई, वरनं आफ्रिनला बोलवा बरं, म्हणावं हॉलमधी ये.

तू का उठलास? अजून येळ हाय. — दारात असा आडवा का हुबा ऱ्हायलास मुबारक? धोंडुबाईंना वाट दी की. — आरं, पोरीला हाकच तर मारायचीया. — असा बघू नकोस माझ्याकडं. — बरं. धोंडुबाई, ऱ्हाऊ द्या. तास संपू द्या तिचा. झालं? आजचा दिवस बसू दे. उद्याचं उद्या बघू. — आता सर की.

हॉलमधी पोरं खोळंबलीती. दस्तगीरभाई येऊन बसल्यात. सर गड्या.

बरं. उद्याबी बसू दे.

मुबारक?