रिकामा रकाना

तैवानमधल्या ताइनान शहरात सकाळी माशाच्या पेजेसाठी भली मोठी रांग लागली होती. जूहुई त्यात पेंगत उभी होती. पुढे पिकल्या केसांचे एक आजोबा आणि एक आजी बोलत होते, ते ऐकून तिची झोपच उडाली.

"काय याओत्सुंग, काल कॉम्प्युटरच्या वर्गात काय शिकलात?"

"डेटाबेस! आपल्या गाण्याच्या मंडळाचा तक्ता केला. प्रत्येक माणसाची एक ओळ, प्रत्येक माहितीचा एक रकाना."

"मग वही काय वाईट होती?"

"वहीला प्रश्न विचारता येत नाही, पिचूबाई. याला विचारलं, जुनी गाणी आणि कारल्याचं सूप, दोन्ही कुणाला आवडतात? एकच ओळ आली."

"कोण मेली ती?"

"तुम्ही."

"अगंबाई! कारल्याचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझ्या वाटीतलंही तुम्हीच संपवता की."

"चावट आहात! आणि तुमच्या ओळीत काय आहे?"

"सगळं भरलंय. फक्त 'जोडीदार' हा रकाना रिकामा आहे. वर्गातल्या बाई म्हणाल्या, रिकामं म्हणजे शून्य नव्हे. अजून कळलेलं नाही, एवढंच."

"मग कधी कळणार?"

"तुम्ही सांगाल तेव्हा."

रांग पुढे सरकली, पण हे दोघे जागचे हलेनात. मागून कुणीतरी खेकसलं, तसं जूहुईने त्याला डोळ्यांनीच दटावलं.

"भरून टाका मग," पिचू अखेर म्हणाली. "पण मंडळात पिचू दोघी आहेत. भलतीच यायची घरात!"

"म्हणून तर प्रत्येकाला वेगळा क्रमांक असतो. तुमचा मला पाठ आहे."