लेथच्या चबुतऱ्यावरचं घर

आमचे बाबा भंडाऱ्याकडचे. तोफगाड्यांच्या सरकारी फॅक्टरीत भरती चालू आहे एवढं ऐकून जबलपूरला आले आणि इथंच राहिले. घमापुरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, माझा जन्म तिथला, शाळा तिथली, आणि बाबांच्या मागं मीही फॅक्टरीतच लागलो, टर्नर म्हणून, लेथवर लोखंड कातायला. काय सांगू तुम्हाला, हात असा बसला होता की वर्ष-वर्ष माझा एक पीस रिजेक्ट झाला नाही. आमच्यावरचा चार्जमन म्हणायचा, इसका पीस गेज लगाए बिना पास कर दो. मला त्याची घमेंड होती, हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्या घमेंडीतून झालं.

एकाहत्तर साली महाराजपुरात प्लॉट घेतला. तेव्हा तिथं नुसती शेतं. फॅक्टरीतल्या आम्ही पाच मराठी घरांनी एकाच ओळीत प्लॉट घेतले, पण बांधायला पहिला मी निघालो. बाबांना दम्यानं धरलं होतं, घमापुरातल्या खोलीत हवा नाही, डोळे मिटण्याआधी त्यांना स्वतःच्या घरात न्यायचं होतं. आणि तेव्हाच लढाईचं वातावरण, बारा-बारा तासांची ड्युटी, सुट्ट्या बंद. रविवारी अर्धा दिवस मिळाला तर मिळाला.

मिस्त्री होता गनेशी. म्हातारा नव्हे, चाळिशीचा, कमी बोलणारा. बाकीच्या चौघांनीही त्यालाच सांगून ठेवलं होतं की याचं झालं की आमचं. त्यानं प्लॉटवर येऊन मूठभर काळी माती उचलली, चोळली, म्हणाला बाबूजी, जा माटी फूलत है, गरमी में फटत है. मुरम लौं गड्ढे करो, पत्थर के खंभे उठाओ, खंभों पे दीवार. म्हणजे ही माती फुगते, फाटते, तेव्हा मुरमापर्यंत खड्डे घेऊन दगडी खांब उभारा आणि त्यांवर भिंती. मी विचारलं मुरूम किती खाली? म्हणाला सात हाथ, आठ हाथ, का पता. मी विचारलं किती दिवस? म्हणाला दो महीना तो नींवई में.

नुसत्या पायाला दोन महिने मी कुठून आणू? मी म्हटलं गनेशी, आमच्या फॅक्टरीच्या शॉपमध्ये एवढं मोठं लेथ मशीन आहे, दोन फुटांच्या काँक्रीटच्या चबुतऱ्यावर उभं आहे, वर्षानुवर्षं केसभर हललं नाही. घर काय लेथपेक्षा जास्त थरथरतं? तसाच चबुतरा टाक, त्यावर भिंती घे. तो हसला. मशीन के नीचे तो चट्टान है बाबूजी, म्हणाला. मी म्हटलं, मला शिकवून राहिला काय? माप मी देतो, तू फक्त टाक. त्यानं टाकला. माझ्या ड्रॉइंगप्रमाणे, एक सूत इकडेतिकडे नाही. पक्कं छत घालायचं होतं, पण सिमेंट तेव्हा सरकारी परमिटवर मोजून मिळायचं, पुरलं नाही, म्हणून वर पत्रे घातले.

लढाई संपली तेव्हा आम्ही राहायला आलो. बाबा ओसरीत बसून म्हणाले, चलो, झालं. मेमध्ये जमीन तडकली आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत भिंत फाटली. बोट जात होतं आत.

आता ऐका. जेवणाच्या सुट्टीत शॉपमधले विचारायला लागले, अरे काहून फाटली भिंत, तू तर मोठा मापवाला. सगळे हसले. आणि माझ्या तोंडून निघालं, मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं, नुसती रेती भरली. परमिटचे दिवस, कोणाला खोटं वाटणार? चौघांनीही गनेशीला नाही म्हटलं. तो माझ्याकडे आला, दारातच उभा राहिला, म्हणाला बाबूजी, एक बार सबके सामने कह दो कि चबूतरा किसने कहा था. मी म्हटलं, ड्युटीला उशीर होऊन राहिला. त्यानंतर तो आमच्या ओळीत दिसला नाही. ऐकलं, दुसऱ्यांच्या हाताखाली मजुरी करायचा. मिस्त्री होता हो तो.

भिंत दर उन्हाळ्यानंतर बुजवत राहिलो. बायकोलाही मी हेच सांगितलं, वर पाया मुरमापर्यंत आहे असंही, आणि ती मुला-नातवंडांना सांगायची, नींव आपली खोल आहे, भिंतीत तेवढी चोरी झाली. ती गेली तेही तेच खरं मानून.

मागच्या वर्षी नातू आला पुण्याहून. वर एक मजला घेऊ म्हणाला, स्लॅबचा. इंजिनिअर आणला, त्यानं विचारलं नींव किती? नातू म्हणाला, मुरमापर्यंत आहे, आजी सांगायची. इंजिनिअर लिहून घ्यायला लागला.  पत्र्याचं वजन त्या चबुतऱ्यानं कसंबसं झेललं होतं, स्लॅबखाली या नातवाची पोर, माझीच पणती झोपणार होती. मी म्हटलं, लिहू नका. कोपऱ्यात खोदा.

दोन फुटांवर काँक्रीट संपलं, लोखंडी सब्बल खाली नुसत्या काळ्या मातीत गेली. मग मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. नातवानं खड्ड्यात वाकून पाहिलं. मग म्हणाला, म्हणजे आजोबा, इतकी वर्षं आपण लेथच्या चबुतऱ्यावर झोपून राहिलो? आणि हसला. मला रडू आलं. घर पाडून मुरमापर्यंत खांब घ्यायचं ठरलं.

पण एवढ्यानं भागत नव्हतं. गनेशी जाऊन वीस वर्षं झालेली. त्याच्या मुलाला शोधलं, तोही आता साठीपलीकडे. मी हात जोडले. तो म्हणाला, मुझसे क्या कहते हो, मैं तो जानता था. जिनसे झूठ कहा था उनसे कहो.

त्या चौघांतले दोघं उरलेत. इथल्या मराठी मंडळाच्या सत्यनारायणाला त्यांना शेजारी बसवलं, गनेशीच्या मुलालाही बोलावलं, आणि सगळ्यांसमोर बोललो. त्या दोघांतला जोशी बहिरा, तो ओरडला, जोरानं बोल, ऐकू नाही येत! म्हणून ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं, मोठ्यानं, की गनेशीनं चोरी केली नव्हती, चूक माझी होती. मुलानं मान हलवली, प्रसाद घेतला आणि गेला. माफ केलं असं काही म्हणाला नाही. म्हणायला पाहिजे असंही नाही.

पण तुम्हाला खरं सांगतो, त्या दिवसापासून छातीवरचं ओझं उतरलं. आता भूक लागते. खड्डे खोदून राहिलेत, मी खुर्ची टाकून बसतो, कोणाला माप सांगत नाही. पोरं सुखात राहोत त्या घरात. मी असेन नसेन.