गार आहे अजून

मुलगी: या तुकड्याला हात कुणी लावला?

बाबा: मी लावला. माझ्याच वर्कशॉपमध्ये हात लावायला आता तुझी परवानगी काढू?

मुलगी: सांगून गेले होते ना, जेवून येते, तोवर शिवू नका म्हणून?

बाबा: अगं, भोकात मापाचं गेज जाईना. म्हटलं, पोरीची नजर चुकली. गिऱ्हाइकासमोर नाक कापलं जायला नको. पुन्हा लेथवर चढवलं आणि भोक केसभर मोठं केलं.

मुलगी: त्यावर पांढरा बर्फ धरला होता, तो दिसला नाही?

बाबा: दिसला की. फडक्याने पुसला.

मुलगी: पुसला. छान केलंत. बाबा, नायट्रोजनने गारठून धातू आक्रसला होता, म्हणून भोक लहान लागलं. निवांत पडू दिलं असतं तर गेज अलगद गेलं असतं. आता घाला बरं.

बाबा: खडखडतंय.

मुलगी: खडखडणारच. मोठं झालेलं भोक लहान करणारं मशीन अजून कुणी काढलेलं नाही.

बाबा: टूलवर तेल-पाणी सोडण्यात हयात गेली माझी. टूल थांबलं की गेज घालायचं. वाट कसली बघायची?

मुलगी: त्याच तेल-पाण्यात या धातूने किती टूलं जाळली आपली? म्हणून तर टूलवर नायट्रोजन सोडायचा हा गार कारभार मांडला. आज टूलची धार जशीच्या तशी आहे. माझं काम बरोबर आलं होतं हो. रडावंसं वाटतंय मला. गिऱ्हाईक थोड्या वेळात येईल, त्याला काय दाखवू?

बाबा: आणखी एक तुकडा आहे ना?

मुलगी: शेवटचा. तोही गेला तर काम दुसरीकडे जाणार आणि ही नायट्रोजनची टाकी जिथून आणली तिथे परत.

बाबा: लाव तो. मी बाहेर बसतो.

मुलगी: बाहेर कशाला? व्हॉल्व्ह कोण बघणार? फक्त नंतर...

बाबा: कळलं गं.

(दुसरा तुकडा टेबलावर आहे. त्याच्यावर पांढरा बर्फ. मुलगी आत हात धुतेय.)

गिऱ्हाईक: झालं वाटतं. गेज द्या इकडे, बघून घेतो.

बाबा: बसा जरा. गार आहे अजून.

गिऱ्हाईक: मला घाई आहे हो. आणि हात पाठीशी बांधून काय उभे राहिलात?

बाबा: शिवशिवतात.

गिऱ्हाईक: मग घाला की गेज. वर्कशॉप तुमचंच आहे.

बाबा: वर्कशॉप माझं. काम तिचं आहे. ती म्हणेल तेव्हा.