गुडघ्यातलं पाणी

(पूर्णगडजवळचं एक घर, १९८९. पडवीत तुळसा, समोर मुंबईहून आलेला तिचा धाकटा भाऊ हरिश्चंद्र. तिचा नवरा भागोजी बाजूला काथ्या वळतो आहे.)

तुळसा : गुडघ्याला हात लावू नको. लांबून बोल.

हरिश्चंद्र : आक्का, सूज किती आहे तेवढंच बघत होतो.

तुळसा : आयेचं बारावं उरकून गेलास, तो पाच वर्सांनी आज उगवलास. सूज बघायला?

हरिश्चंद्र : नाही. लपवत नाही, मागणं घेऊन आलोय.

भागोजी : बोलू दे त्याला.

हरिश्चंद्र : उद्या रत्नागिरीत डॉक्टर तुझ्या गुडघ्यातलं पाणी काढणार, असं भावोजींनी कळवलं. ते पाणी फेकूनच देतात. त्यातलं थोडं मला आमच्या प्रयोगशाळेत न्यायचंय.

तुळसा : उंदरांना पाजायला?

हरिश्चंद्र : संधिवातात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. त्या पाण्यात सूज पेटवणारा एक पदार्थ असतो. आम्ही उंदरांच्या पेशींपासून प्रतिपिंडं तयार करतो. एक प्रतिपिंड एकच गोष्ट ओळखतं, तिलाच धरतं. बाकी कशाला...

तुळसा : बाकी कशाला हात लावत नाय. पाठ हाय मला. आयेला हेच लिवलं होतंस.

हरिश्चंद्र : ते कॅन्सरचं काम होतं. हे वेगळं आहे.

तुळसा : उंदीर तेच ना?

हरिश्चंद्र : आई गेली त्याचं मलाही दुःख आहे. ऑपरेशन करून घे म्हणून मीच सांगत होतो. तीच भ्याली.

तुळसा : कोण भ्याली? आमची आये? अवो, सांगा याला.

भागोजी : जाऊ दे आता.

तुळसा : सांगा. नायतर मी सांगतंय.

भागोजी : हरिश्चंद्रा, इस्पितळाची तारीख मिळाली होती. पिशवी भरून ठेवलेली. आदल्या दिवशी तुझं पत्र आलं. उंदरांच्या गाठी विरल्या, दोन वर्षांत माणसांना देता येईल. वाचून मीच दाखवलं. आयेनं पिशवी रिकामी केलीन. म्हणाली, पोरगा औषध करतोय, मी कापून कशाला घेऊ.

हरिश्चंद्र : हे मला कुणी कळवलं नाही.

भागोजी : तिनंच कळवू दिलं नाय. म्हणाली, त्याला घाई होईल. घाईत काम चुकतं.

तुळसा : आता मला एवढंच सांग. ते औषध माणसांना दिलंत कधी?

हरिश्चंद्र : त्या पत्रानंतरच्याच पावसाळ्यात, चाचणी म्हणून चार रोग्यांना. पहिल्या खेपेला सोसलं. दुसऱ्या खेपेला शरीरानं उंदराचं प्रतिपिंड परकं म्हणून ओळखलं. अंगावर गांधी उठल्या, धाप लागली. काम थांबवलं.

तुळसा : कधी थांबवलंत?

हरिश्चंद्र : दिवाळीच्या आधी.

तुळसा : दिवाळीत डॉक्टर सांगत होता, अजून गाठ काढता येईल. आये नाय म्हणाली. ती गेली शिमग्यात. मधी संक्रांतीला तुझं पत्र आलं. काय होतं त्यात?

हरिश्चंद्र : काम चालू आहे, असं.

तुळसा : चालू होतं?

हरिश्चंद्र : नाही.

भागोजी : दोनदा वाचायला लावलंन ते पत्र. मी वाचलं.

तुळसा : का लिवलंस तसं?

हरिश्चंद्र : तिला कसं सांगणार होतो? आणि खरं सांगू, माझ्या मनालाही ते फसल्याचं पटत नव्हतं. वाटत होतं, एवढ्यात काहीतरी सुचेल.

तुळसा : तुझ्या मनाला पटेपर्यंत आयेनं वाट बघितलीन.

हरिश्चंद्र : आक्का, मी जातो. पाण्याचं राहू दे.

तुळसा : बस. त्या पाकिटात काय हाय?

हरिश्चंद्र : संमतीचा कागद.

तुळसा : वाच.

हरिश्चंद्र : माझ्या गुडघ्यातलं पाणी संशोधनासाठी वापरायला माझी हरकत नाही. या संशोधनातून औषध निघेलच असं नाही, आणि निघालं तरी ते माझ्या उपयोगी पडेल अशी खात्री मला कुणी दिलेली नाही.

तुळसा : शेवटचं परत वाच.

हरिश्चंद्र : ते माझ्या उपयोगी पडेल अशी खात्री मला कुणी दिलेली नाही.

तुळसा : कुणी लिवलंन हे?

हरिश्चंद्र : मीच.

तुळसा : म्हणजे लिवता येतं तुला.

भागोजी : तुळसा, मनात नसेल तर सही करू नको. कोण काय बोलणार नाय.

तुळसा : सही कशानं करू? ही बोटं पेन धरतायत होय? शाई आणा, अंगठा देतंय.

हरिश्चंद्र : आक्का, तुझे...

तुळसा : आभार मानू नको. तुझ्यासाठी नाय देत. रात्री कूस बदलताना काय होतं, ते मला ठावं हाय. आणखी कुणाचं तरी दुखणं थांबेल. पण या पाण्याचं काय झालं ते मला कळवायचं. फुकट गेलं, तर त्याच दिवशी कळवायचं.

हरिश्चंद्र : कळवीन. उद्या मग आपण तिघं एकत्रच निघू.

तुळसा : येष्टी साडेसातला हाय. तू पुढं बस. मी ह्यांच्यासोबत मागं बसेन.