पट्टी काढायचा नंबर

लेक : बाबा, परत? परत पुढे जाऊ दिलंत कोणाला तरी?

बाबा : पोर होतं तिच्याबरोबर. केव्हाचं रडत होतं.

लेक : आणि तिच्या आधी ते काका? त्यांच्या कडेवर कोण होतं?

बाबा : खोकत होते बिचारे.

लेक : डोळ्यांच्या दवाखान्यात खोकल्याला कोण विचारतंय! अहो, दार उघडायच्या आधी येऊन नंबर लावलाय मी. आणि आता बघावं तर बाकाच्या शेवटाकडे आपण.

बाबा : बरंय की. टेकायला भिंत मिळाली.

लेक : डॉक्टर जेवायला उठले की आज परत येत नाहीत. मग डोळ्याची पट्टी कोण काढणार, मी? रोज उठून रजा कुठून आणू?

बाबा : हळू बोल. लोक ऐकतायत.

लेक : हे तुम्ही सांगताय? वीजबिलाच्या खिडकीची काच कोणी तडकवली होती? दुधाच्या रांगेत तो एक माणूस मध्ये घुसला, तर कॉलर धरून मागे नेऊन उभा केलात त्याला. आईला तोंड लपवायला जागा उरली नव्हती.

बाबा : कॉलर वाईट शिवली होती गं त्याची. हातातच आली.

लेक : हसवू नका. मी चिडलेय.

बाबा : कळतंय. आवाज माझाच आहे तो.

मावशी : चला, पट्टीवाले पुढचे कोण? पटापट या. डॉक्टरांना निघायचंय.

लेक : आम्ही! आलोच मावशी. उठा बाबा, हात द्या.

बाबा : या शेजारच्या बाईंना जाऊ दे की. जा हो तुम्ही.

लेक : बाबा! पुरे झालं आता! सकाळपासून पोटात काही नाही माझ्या, साहेबांच्या हातापाया पडून आलेय, आणि तुम्ही खिरापत वाटावी तसा नंबर वाटताय! यायचंच नव्हतं तर घरी बसायचं होतं ना!

(बाकावरचे सगळे वळून बघतात.)

मावशी : इथे ओरडायचं नाही, ताई. मी या बाईंना घेते आत. तोवर तुम्ही ठरवा काय ते.

लेक : ...बोला ना काहीतरी.

बाबा : डावा डोळा तर गेलेलाच आहे.

लेक : माहितीय मला.

बाबा : आत गेलो, पट्टी काढली, आणि तरी अंधारच दिसला तर? पट्टी आहे तोवर निदान म्हणता तरी येतं, पट्टीमुळे दिसत नाही. मशीनवर कापड तसंच सोडून आलोय मी. अर्धी शिवण राहिलीय.

लेक : डॉक्टर म्हणाले ना, ऑपरेशन छान झालंय.

बाबा : मीही गिऱ्हाइकाला म्हणायचो, कपडे तयार आहेत, फक्त इस्त्री राहिलीय.

लेक : बाबा...

बाबा : भीती वाटते गं. हसू नकोस.

लेक : नाही हसत. सरका जरा, मलाही बसू दे. मघाशी फारच तोंड सोडलं मी.

बाबा : मागे आहे का कोणी?

लेक : एक आजोबा आहेत.

बाबा : हं.

लेक : आजोबा, तुम्ही जाता का आधी? जा, जा. आम्हाला घाई नाही.

बाबा : आणि तुझी रजा?

लेक : असू दे. पण आता मागे कोणी नाही हं, बाबा.

बाबा : नीट बघितलंस?

लेक : बाक रिकामं आहे.

मावशी : संपले का सगळे? डॉक्टर उठतायत, दार लावते मी. कोणी राहिलंय का?

बाबा : थांबा, मावशी. मी राहिलोय.