चौकोनातला विहार

आता तुम्ही मोबाइलवर सटासट मराठी लिहिता, म्हणून सांगतो. तेव्हा बौद्ध मंडळींच्या एका वेबसाइटला मी लेख पाठवायचो, रत्नागिरीत इक्बालच्या सायबर कॅफेत बसून. पहिला लेख आमच्या वाडीतल्या विहारावर. बायकांनी जांभ्याचे चिरे डोक्यावरून वाहून आणले आणि विहार उभा केला, त्याची हकीकत.

दुसऱ्याच दिवशी लेखाखाली प्रतिक्रिया. "अप्रतिम! जय भीम!" "डोळ्यांत पाणी आलं!" मी हवेत. इक्बालला म्हटलं, "बघ, आता चहा सांग."

त्याने त्याच्या कॉम्प्युटरवर लेख उघडला, तर स्क्रीनभर नुसते चौकोन! माझा मराठी फॉन्ट मी बसायचो त्या एकाच मशीनवर होता; तो नसेल तिथे सगळ्यांना चौकोनच दिसणार.

इक्बाल म्हणाला, "मग ह्यांच्या डोळ्यांत पाणी कशानं आलं रे?"

असा भडकलो, लेख काढूनच टाकणार होतो. तेवढ्यात कुवेतहून एकाचा मेल आला. "मला एक अक्षर वाचता येत नाही. इंग्रजीतलं गावाचं नाव तेवढं दिसलं. मी तिथलाच. वाचून दाखवशील?"

कॅफेचा नंबर कळवला. शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, त्याने फोन केला. मी अख्खा लेख वाचला. चिरे वाहणाऱ्या बायकांची नावं संपली. लाइन कटली की काय, म्हणून विचारलं,

"हॅलो?"

"आहे रे. माझी आय पण होती त्यांच्यात. तिचं नाव राहिलं."

"घालतो, दादा. आजच घालतो."

"घाल. पण चौकोनात नको हां."