सदरवाल्यांशी मॅच

(जबलपूर, १९४३. फॅक्टरीच्या वस्तीतलं क्वार्टर. रविवारची मॅच संपून दोघे भाऊ घरी आले आहेत.)

बाबाराव : ...अन् मैदानावर ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, नीलकंठ बिक गया! सदर बाजारच्या टीमवाल्यांनी विकत घेतला म्हणे. मान खाली घालून निघालो मी. मोठ्या भावाला तरी खरं सांग.

नीलकंठ : कोणाचा एक पैसा घेतला नाही, दादा.

बाबाराव : मग एवढा मार काहून खाल्ला? तुझी फिरकी भल्याभल्यांना कळत नाही, अन् आज त्यांचा तो जाडा हलवाईसुद्धा तुला सिक्सर मारून राहिला होता!

नीलकंठ : मुद्दाम टाकले तसे बॉल.

बाबाराव : काय?

नीलकंठ : हरायचंच होतं मला. मागच्या वर्षी नागपूरहून प्रांताच्या निवडीचं बोलावणं आलं. फॅक्टरीचे साहेब म्हणाले, लढाई चालू आहे, लेथवरचा माणूस सोडता येत नाही. यंदाही तेच. अन् मॅच असली की त्याच लेथवरून उठवून मला मैदानावर नेतात! त्यांना कप पाहिजे, दुसरं काही नाही. म्हटलं, त्यांच्या कामाचाच राहिलो नाही तर सोडतील.

बाबाराव : अरे वेड्या, आजच सुचलं तुला हे?

नीलकंठ : आज काय होतं?

बाबाराव : आंब्याखाली काळ्या टोपीतले म्हातारबुवा बसले होते, पाहिलं?

नीलकंठ : हो. कोण ते?

बाबाराव : नागपूरचे. निवड करणारे. तुला जाता येत नाही म्हणून मीच हातापाया पडून त्यांना इथं आणलं. एक मॅच पाहा म्हटलं, मग साहेबांशी तुम्हीच बोला. तू घाबरशील म्हणून तुला सांगितलं नाही.

नीलकंठ : दादा, चल! आत्ता जाऊ त्यांच्याकडे. एक ओव्हर टाकून दाखवतो, फक्त एक.

बाबाराव : गेले ते. मीच गाडीत बसवून आलो.

नीलकंठ : मग लिहून कळवतो, मुद्दाम केलं म्हणून.

बाबाराव : मुद्दाम हरणाऱ्याला कोण घेते रे? अन् साहेबांच्या कानावर गेलं तर नोकरी जाईल, हे क्वार्टर जाईल. आईला घेऊन कुठं जायचं?

नीलकंठ : जाताना काय म्हणाले?

बाबाराव : त्यांनीही ऐकलं होतं, बिक गया. मला विचारलं, खरं आहे का? डोकंच फिरलं माझं. डब्याच्या दाराशी आईची शपथ घेतली, माझा भाऊ बेइमान नाही.

नीलकंठ : पटलं त्यांना?

बाबाराव : पटलं. पण म्हणाले, मग एवढे खराब बॉल कसे? मी म्हटलं, जी, इमानदारीनंच टाकले त्यानं. त्याला एवढंच येते.

नीलकंठ : (वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागतो.)

बाबाराव : नीलू, काहीतरी बोल रे. शिव्या दे मला.

नीलकंठ : आपले साहेब काय म्हणाले?

बाबाराव : ते नाराज नाहीत. म्हणाले, एखादा दिवस जातो खराब. पुढच्या रविवारी तुलाच खेळवणार आहेत.